लालसरीची मादी कुणी मोजली?



दिवाळी सरते, रानात रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागते, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तलावांवर पाहुण्या बदकांचे थवे उतरू लागतात. धरणाच्या भिंतीवरून जाणारा माणूस मान वळवून पाहतो, ‘बदकं आली’ म्हणतो आणि पुढे निघतो. पण त्या थव्यात दहा-बारा जातींचे पक्षी असू शकतात. कुणी काठावरच्या चिखलात चरणारे, कुणी उथळ पाण्यात शेपूट वर करून उलटे होणारे, तर कुणी थेट तळ गाठणारे. आज यातल्या एकाच पक्ष्याविषयी मी आपल्याशी बोलणार आहे. त्याचं नाव छोटी लालसरी.

इंग्रजीत तिला कॉमन पोचार्ड म्हणतात. शास्त्रीय नाव आयथिया फेरिना. लांबी साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर, वजन किलोच्या आतबाहेर. तरंगता तरंगता ती एकदम बुडी मारते, पंधरा-वीस सेकंद दिसेनाशी होते आणि बुचासारखी टपकन वर येते. उन्हाळ्यात तिचं घर दूर उत्तरेला, युरोपपासून कझाकस्तान आणि सायबेरियाच्या गवताळ मुलखातल्या तळ्यांपर्यंत पसरलेलं असतं. तिकडे पाणी गोठू लागलं की ती दक्षिणेची वाट धरते. आपल्याकडे ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि उन्हं तापू लागली की मार्चच्या सुमारास परतते.

तिच्या इंग्रजी नावातल्या ‘कॉमन’ या शब्दाचा अर्थ ‘नेहमी दिसणारी’. आता तो पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. जगभरच्या जीवजातींची स्थिती तपासणाऱ्या आययूसीएन या संघटनेनं २०१५ साली छोट्या लालसरीला ‘असुरक्षित’ जातींच्या यादीत टाकलं. संख्या वेगानं घसरत होती, विशेषतः युरोपात. या घसरणीतली एक गोष्ट जास्त काळजीची आहे. थव्यांमधल्या माद्यांचा वाटाच कमी होत चालला आहे. आपल्या तलावांवर काय चित्र आहे, हे सांगायचं तर आधी आपल्याला मादी ओळखता आली पाहिजे. आजच्या बोलण्याचा सगळा रोख तिच्यावरच आहे.

पण पाहायला जायचं कुठे? आपला जिल्हा बालाघाटाच्या माथ्यावर वसलेला. एका अंगाचं पाणी सीना आणि बोरी या नद्यांतून भीमेला मिळतं आणि पुढे कृष्णेला जातं. दुसऱ्या अंगाचं तेरणा-मांजरेतून गोदावरीला. परंडा तालुक्यातलं सीना-कोळेगाव, तेरजवळचं तेरणा धरण, लोहारा तालुक्यातलं माकणीचं निम्न तेरणा, नळदुर्गजवळचं बोरीचं पाणी, कळंबच्या शिवेवरचं मांजरा धरण ही मोठी पाणीसाठ्याची ठिकाणं आपल्याला ठाऊकच आहेत. शिवाय गावोगावचे साठवण तलाव आणि पाझर तलाव आहेत. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून, डोक्यावर पाट्या वाहून असे कितीतरी तलाव उभे केले. माणसांसाठी आणि रानासाठी अडवलेलं हे पाणी हिवाळ्यात पाखरांच्याही कामी येतं.

मराठवाड्यात पाणपक्ष्यांसाठी नावाजलेलं ठिकाण म्हणजे पैठणचं जायकवाडी. १९८६ साली ते पक्षी अभयारण्य झालं आणि लालसरीची सगळी भावंडं तिथे दिसतात. पण पाखरू काही अभयारण्याची पाटी वाचून उतरत नाही. पुरेसं खोल पाणी, तळाशी खाणं आणि दिवसभर निवांतपणा एवढं मिळालं की झालं. म्हणून आपल्या गावाजवळच्या पाण्यावर नजर टाकायला हरकत नाही. एखाद्या वर्षी थवा दिसेल, एखाद्या वर्षी चार-दोनच पक्षी दिसतील, एखाद्या वर्षी कुणीच नाही. पाऊसपाण्यावर हे सारं अवलंबून आहे.

आता ओळखीकडे वळू. पहिली पायरी म्हणजे बुडी मारणारं बदक कोणतं आणि न मारणारं कोणतं हे ठरवणं. हळदी-कुंकू बदक, तलवार बदक, थापट्या ही मंडळी उथळ पाण्यात चरतात. फार तर डोकं पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे करून उलटी होतात. पाण्यावर बसलेली असताना त्यांची शेपटी वर उचललेली दिसते. बिथरली तर जागच्या जागी सरळ वर उडतात. लालसरीचं तसं नसतं. ती पाण्यात खोल बसते, भरलेल्या होडीसारखी. पाठ गोलसर आणि शेपटी उतरत पाण्याला टेकलेली. तिचे पाय शरीराच्या बऱ्याच मागच्या बाजूला असतात. पाण्याखाली रेटा द्यायला ते उत्तम, पण जमिनीवर चालताना तिची तारांबळ उडते. उडायचं झालं की तिला पाण्यावर काही अंतर धावत, पाय आपटत जावं लागतं. तेव्हा कुणी पाण्यावर फटफट पाणी उडवत धावलं, की बुडी मारणाऱ्यांपैकी आहे असं समजावं.

बुडी मारणारे इतरही आहेत. आपल्या ओळखीची टिबुकली, कुणी तिला पाणडुबी म्हणतात, ती तर गावतळ्यातही असते. पण ती मुठीएवढी, शेपूट नसल्यासारखीच आणि तिची चोच टोकदार. पाणकावळ्याची मान लांब, चोच टोकाला आकड्यासारखी वळलेली आणि बुडी मारून झाली की तो वाळक्या झाडावर पंख पसरून बसतो. वारकरी पक्षी अंगानं काळा, चोच पांढरी आणि कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा टिळा. पोहताना तो मान पुढे-मागे हलवत राहतो. या वारकऱ्यांच्या थव्याच्या कडेला जरूर पाहा. लालसऱ्या पुष्कळदा त्यांच्या सोबतीनं असतात.

छोट्या लालसरीचा नर ओळखायला सोपा. तांबूस विटकरी डोकं, काळी छाती, फिकट राखाडी अंग आणि मागे पुन्हा काळा रंग. दुरून पाहिलं तर दोन टोकं गडद आणि मधलं अंग उजळ असे तीन भाग दिसतात. डोळा लाल. चोच काळपट, तिच्यावर निळसर राखाडी पट्टा. डोक्याची ठेवणही पाहण्यासारखी असते. कपाळ आणि चोच यांच्या मध्ये खाच नसते. डोक्याच्या माथ्यापासून चोचीच्या टोकापर्यंत मुलांच्या घसरगुंडीसारखा सलग उतार असतो. ही घसरगुंडी लक्षात ठेवा. मादी ओळखताना हीच कामी येणार आहे.

नरासारखे दिसणारे दोघे-तिघे आहेत. मोठ्या लालसरीच्या नराचं डोकं नारिंगी, गोल आणि फुगीर असतं आणि त्याची चोच लालभडक असते. चोच लाल दिसली की तो आपला पक्षी नव्हे. शेंडी बदकाचा नर काळा-पांढरा, डोक्यामागे लोंबती शेंडी आणि डोळा पिवळा. आणखी एक भाऊबंद आहे, तो सगळा गडद तपकिरी असतो, शेपटीखाली स्वच्छ पांढरा आणि त्याच्या नराचा डोळाही पांढरा. थवा उडाला तर पंखांकडे पाहा. या तिघांच्या पंखांवर ठसठशीत पांढरा पट्टा असतो. छोट्या लालसरीच्या पंखावर पांढरा पट्टा नसतो, तिथे फिकट राखाडी रंग असतो.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. आता मादी. लाल डोक्याची म्हणून लालसरी, असं आपण नाव दिलं. पण मादीचं डोकं लाल नसतंच. म्हणजे नावात फक्त नर आला. मराठी पक्षिनावांसाठी आपल्या शेजारच्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी फार मोठं काम केलं. त्यांचा ‘पक्षिकोश’ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. जून २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. नावं जमवण्याचं काम त्यांच्या पिढीनं केलं. त्या नावामागचा अख्खा पक्षी, नर आणि मादी दोन्ही, पाहण्याचं काम आपलं.

मादीचं डोकं आणि छाती तपकिरी, अंग राखाडी छटेचं तपकिरी. भडक असं काहीच नाही. म्हणून आपली नजर तिच्यावरून घसरते. पण थोडं थांबून पाहिलं तर तीन खुणा सापडतात. पहिली खूण डोळ्याची. डोळा गडद, त्याभोवती फिकट कडं आणि डोळ्यामागून काजळाच्या रेघेसारखी निघालेली, पण रंगानं फिकट अशी एक रेघ. दुसरी खूण चोचीच्या मुळाशी आणि गळ्यापाशी असलेला फिकट रंग. तिसरी खूण घसरगुंडीची. रंग कळला नाही तरी आकार कळतो. उन्हाच्या विरुद्ध बाजूनं नुसती काळी आकृती दिसत असली तरी तो सलग उतार लपत नाही.

शेंडी बदकाची मादी हिच्यासारखीच तपकिरी, पण जास्त गडद. तिचा डोळा पिवळा असतो आणि कपाळ उभं. मोठ्या लालसरीच्या मादीचे गाल फिकट पांढुरके असतात आणि वर गडद टोपी घातल्यासारखी दिसते. पांढऱ्या डोळ्याच्या त्या भाऊबंदाची मादी गडद तपकिरी आणि शेपटीखाली पांढरी. एवढं ध्यानात राहिलं तर नव्वद टक्के काम झालं.

एवढा खटाटोप मादीसाठी कशाला, असं कुणी विचारेल. युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत १९८९ आणि १९९० च्या जानेवारीत या पक्ष्यांचे नर आणि माद्या वेगवेगळ्या मोजल्या गेल्या. शंभरांत साधारण बासष्ट नर भरले. जानेवारी २०१६ मध्ये तशीच मोजणी पुन्हा झाली, तेव्हा शंभरांत साधारण एकाहत्तर नर निघाले. म्हणजे माद्यांचा वाटा अडतीसवरून एकोणतीसवर आला. नुसते पक्षी मोजले असते तर थवा थोडा लहान झाला एवढंच कळलं असतं. पुढच्या पिढीची अंडी घालणाऱ्या माद्याच कमी पडताहेत, हे वेगळं मोजल्यामुळे कळलं.

माद्याच का कमी होतात? याचं एक कारण तिच्या संसारात आहे. काठावरच्या गवतात किंवा लव्हाळ्यात मादी घरटं करते, आठ-दहा अंडी घालते आणि साधारण पंचवीस दिवस एकटीच उबवते. ती अंड्यावर बसली की नर निघून जातो. घरट्यावर बसलेली मादी शिकारी जनावराच्या तोंडी सहज सापडते. युरोपात अमेरिकेतून आणलेला मिंक आणि पूर्व आशियातून आणलेला रॅकून कुत्रा हे दोन परके शिकारी पसरले. पूर्वी लालसऱ्या कुरव पक्ष्यांच्या वसाहतीजवळ घरटी करत. कुरव भांडखोर, शेकड्यानं तुटून पडणारे, त्यामुळे शेजारणीचंही रक्षण होई. अनेक ठिकाणी या वसाहतीच उठल्या. जुने मत्स्यतलाव पडीक झाले किंवा तिथली मासेपालनाची पद्धत बदलली. हे सगळं हजारो किलोमीटर दूर घडतं, पण त्याचा हिशोब हिवाळ्यातल्या थव्यात दिसतो.

आणि इथेच आपल्या तलावांचं महत्त्व येतं. हिवाळ्यात नर आणि माद्या सगळीकडे सारख्या प्रमाणात पसरत नाहीत. युरोपातल्या नोंदी सांगतात, की उत्तरेकडच्या थव्यांत नर जास्त असतात आणि जसजसं दक्षिणेला यावं तसतसा माद्यांचा वाटा वाढतो. आपलं दख्खन तर या पक्ष्याच्या हिवाळी मुक्कामाच्या दक्षिण टोकाला पडतं. मग इथे माद्या जास्त उतरतात का? उत्तर भारतातल्या थव्यांपेक्षा आपल्याकडचं प्रमाण वेगळं आहे का? याचं उत्तर एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेतून मिळणार नाही. काठावर बसून मोजणाऱ्या माणसांच्या वह्यांतूनच ते मिळेल. जिथे माद्या जास्त असतील, ती पाणथळ जागा जपणं या जातीसाठी जास्त मोलाचं ठरेल.

मोजायचं कसं, तेही सांगतो. वेळ निवडावी डिसेंबरअखेर ते जानेवारीची. नर येतात तेव्हा, ऑक्टोबरात, काहींच्या अंगावर अजून मळकट पिसं असतात आणि ते मादीसारखे दिसतात. पहिल्या वर्षाच्या नरांचंही तसंच. जानेवारीपर्यंत बहुतेक नर आपल्या रंगात आलेले असतात.

लालसऱ्या बऱ्याचदा रात्री आणि पहाटे-सांजवेळी चरतात. दिवसा पाण्याच्या मध्यावर दाटीनं, पिसांत चोच खुपसून झोपलेल्या असतात. मोजणाऱ्याला हे सोयीचं असतं, कारण झोपलेलं पाखरू बुडी मारत नाही. चरणाऱ्या थव्यात निम्मे वर, निम्मे खाली आणि आपला आकडा दरवेळी वेगळा. मात्र झोपलेल्या थव्यात उजळ अंगाचे नर पटकन डोळ्यांत भरतात आणि तपकिरी माद्या पाण्याच्या रंगात मिसळून जातात. म्हणून आधी सगळा थवा मोजावा, मग नर, मग माद्या. आणि वहीत तीन रकाने आखावेत. नर, मादी आणि ‘नक्की कळलं नाही’. तिसरा रकाना रिकामा ठेवण्याचा अट्टहास नको. ‘नर नाही म्हणजे मादीच असणार’ असा हिशोब केला, की आकडा बिघडतो.

ऊन पाठीशी ठेवावं. आठपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. तलाव मोठा असेल तर भिंतीवरून, उंचावरून पाहावं. अंगावर मातकट कपडे असावेत. होडीतून किंवा तराफ्यावरून थव्याच्या मागे लागू नये. आधीच सांगितलं, या पक्ष्याला उडायला पाण्यावर धाव घ्यावी लागते. दिवसातून तीनदा असं उठवलं तर त्याची रात्रीची कमाई दिवसा खर्ची पडते. परतीच्या लांब प्रवासासाठी अंगात साठवायची चरबी मग कुठून यायची? फोटोच्या नादात थवा उडवणाऱ्यांना हे प्रेमानं समजावून सांगायला हवं.

तलावावर मासेमारी करणाऱ्या बांधवांशी जरूर बोला. पाण्याची खोली कुठे किती, वनस्पती कुठे वाढली आहे, थवा कोणत्या बाजूला बसतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. रात्री लावलेल्या जाळ्यात बुडी मारणारं पाखरू अडकून मरतं, हाही अनुभव त्यांच्याकडे असतो. थवा बसतो तेवढा भाग हिवाळ्यात जाळी लावताना सोडता येईल का, यावर त्यांच्याशीच बोलून तोडगा निघू शकतो. पक्ष्यांची शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे.

लालसरी चरते ती साधारण एक ते अडीच मीटर खोलीवर, म्हणजे आपल्या विहिरीच्या मापानं अर्धा ते दीड पुरुष पाण्यात. तळाशी वाढणाऱ्या वनस्पती, त्यांचं बी, कंद, गोगलगायी आणि चिखलातल्या अळ्या हे तिचं खाणं. पाणी गढूळ झालं, तळाशी ऊन पोचेनासं झालं की या वनस्पती मरतात. पाणी आटलं तर प्रश्नच मिटला. २०१५-१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. अशा वर्षी चिखलात चरणारे पक्षी काही काळ तग धरतात. बुडी मारणाऱ्याला मात्र खोलीच लागते. त्यामुळे लालसरी कुठे किती आली, यावरून त्या तलावात गाळ किती साचला, पाणी किती उरलं, याचाही अंदाज बांधता येतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत कितीतरी तलावांतला गाळ उपसला गेला. हे काम उन्हाळ्यात होतं आणि तोवर लालसऱ्या परत गेलेल्या असतात, तेव्हा दोघांच्या वाटा एकमेकांना आडव्या येत नाहीत. खोली वाढली तर शेतकऱ्याचा लाभ आहे आणि पाहुणीचाही.

दरवर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे. आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि वेटलँड्स इंटरनॅशनल या संस्था ती जुळवून आणतात. तिच्यात शाळेचे शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी, नोकरदार असा कुणीही भाग घेऊ शकतो. ई-बर्ड या संकेतस्थळावर वर्षभर केव्हाही नोंद करता येते. दोन्हीकडे मुख्यतः जातीचा एकूण आकडा मागतात. आपण टिप्पणीच्या जागी एक ओळ जास्त लिहायची. नर इतके, माद्या इतक्या, न कळलेले इतके. आणि तलावावर जाऊन एकही लालसरी दिसली नाही, तर तेही लिहायचं. ‘शून्य’ हीसुद्धा नोंद आहे. पुढे कधी पक्षी आले, तर केव्हापासून आले हे त्या शून्यामुळेच सांगता येतं.

नळदुर्गच्या किल्ल्यात पाणी महाल आहे. इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधलेला. बोरी नदीला पूर आला की त्याच्या बंधाऱ्यावरून दोन धारा कोसळतात. आपल्या लोकांनी त्यांना नर आणि मादी अशी नावं दिली आणि पावसाळ्यात आपण दोन्ही धारा पाहायला मुद्दाम जातो. नुसता नर पाहून कुणी परत येत नाही. लालसरीच्या थव्यालाही तेवढाच न्याय द्यावा, एवढंच माझं मागणं आहे.

येत्या जानेवारीत एका रविवारी सकाळी आपल्या जवळच्या तलावावर जा. सोबत वही, पेन्सिल आणि घरातलं एखादं मूल घ्या. मुलांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. त्यांना घसरगुंडीची खूण सांगा आणि तपकिरी पक्षी शोधायला लावा.